बुटक्या दाराचं माप

मम्मी,

आज आमच्याकडे सुतार आला होता. पुढचं दार वाळवीने पोखरलंय, नवं बसवायचं आहे. त्याच्या हाताखाली कुणी नव्हतं म्हणून टेपचं एक टोक त्याने माझ्याच हातात दिलं. मी ते उंबऱ्याला दाबून धरलं, त्याने दुसरं वर चौकटीला लावलं, आकडा वाचला आणि हसायला लागला. म्हणाला, "सिस्टर, हे दार माणसांसाठी केलं होतं की बकऱ्यांसाठी?" मला काही हसू आलं नाही. दार बुटकं आहे हे मला ठाऊक होतं. उंच पुरुष मान वाकवून आत येतात, मी मात्र सरळ आत जाते, म्हणून पहिली काही वर्षं ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आलं ते तू गेल्यावर, आणि तेही इथे टांझानियात नाही, तर डहाणूला, आपल्या आतल्या खोलीत. तेव्हा सांगायला तू नव्हतीस. सुतार गेल्यापासून ते मनात घोळतंय, तर आज सगळं लिहूनच काढते.

२०१४ साली मी निघाले तेव्हा आपल्या चर्चच्या अंगणात केवढा थाट झाला होता! माझी पहिली व्रतं होऊन थोडेच महिने झाले होते, आणि आमच्या सिस्टरांच्या संघाने मला इथल्या एका खेड्यातल्या दवाखान्यात नर्स म्हणून पाठवायचं ठरवलं होतं. डहाणूतून परदेशी मिशनवर जाणारी ही पहिलीच मुलगी, असं फादर मिस्सेच्या प्रार्थनेनंतर म्हणाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शाल झाली, हार झाला, फोटो झाले. घोलवडच्या एका वाडीवाल्याने चिकूची अख्खी पेटी आणून माझ्या पायाशी ठेवली, जणू मी ती मांडीवर घेऊन विमानात बसणार होते. पप्पांनी रेल्वेच्या पार्सल ऑफिसातले झाडून सगळे दोस्त बोलावले होते आणि प्रत्येकाला माझ्याशी हात मिळवायला लावत होते. आणि तू? तू कागदी बशांमधून केक आणि वेफर्स वाटत फिरत होतीस. कुणी म्हणालं, "धन्य आहे तुमची, असली मुलगी देवाला दिलीत," की तू म्हणायचीस, "हो, हो, वेफर्स घ्या." मला तेव्हा वाटलं होतं, रडू येऊ नये म्हणून चाललंय तुझं. तुला मी तेव्हा फारच कमी ओळखत होते.

बॅग तू भरली होतीस. इथे पोचल्यावर दोन सिस्टरांसमोर मी ती उघडली. पांढरे झगे निघाले, डोक्यावरची करडी वेलं निघाली, स्वेटर, औषधं, लोणच्याची बरणी प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेली. आणि तळाशी, वर्तमानपत्रात बांधलेला, निळ्या सुती कापडाचा एक पंजाबी ड्रेस. बाह्यांना बारीक पायपिंग, गळा मला आवडतो तसा. सलवारीत नाडीसुद्धा ओवलेली. त्या सिस्टरांनी एकमेकींकडे पाहिलं. "आईने चुकून ठेवलाय," मी म्हटलं आणि तो पुन्हा तळाशी कोंबला. चुकून! नाडी ओवून कुणी चुकून ठेवतं का? आयुष्यभराचा मार्ग म्हणून मी घरातून निघते आणि माझी आई माझ्या बॅगेत परत यायचे कपडे भरते. मला तुझा इतका राग आला होता मम्मी, की पोचल्याचा फोन मी दुसऱ्या दिवशी केला.

फोनवर मी तुला सरळच विचारलं, "तुला माझ्यावर विश्वास नाही का?" तिकडून तुझ्या शिवणाच्या मशीनची घरघर ऐकू येत होती, ती काही थांबली नाही. "कापड चांगलं मिळालं, म्हणून शिवला," तू म्हणालीस. "आत माया भरपूर सोडलीय. जाड झालीस तर उसवून घे." वर आणखी विचारलंस, तिकडे जेवायला काय देतात. बोलणं तिथेच संपलं. पण त्यानंतर तुझं ते फोटोंचं खूळ सुरू झालं. दर थोड्या दिवसांनी मेसेज यायचा, फोटो पाठव. मी दवाखान्यातला पाठवला, बाळांबरोबरचा पाठवला, तर म्हणायचीस, "असा नको. उभी राहून काढ. पूर्ण. पायापासून डोक्यापर्यंत." आणि मग, "दाराशी उभी राहा." मी विचारलं, दाराशीच का? "चांगला येतो," एवढंच उत्तर. इथली मंडळी मला त्यावरून चिडवायची. फोन घेऊन कुणी दिसलं की म्हणायची, सिस्टर चालली दाराशी, आईला फोटो हवाय.

इथल्या पहिल्या दोन वर्षांबद्दल मी तुला कधी धड सांगितलं नाही. काम आवडत होतं. रात्रीबेरात्री बाया बाळंत व्हायला यायच्या, डोंगरावरून चालत, आणि त्यांच्या बरोबरची सगळी बायकामंडळी मलाच "पोले, पोले" म्हणायची. कुणी दमलेलं दिसलं, कुणाला त्रास होताना दिसला, की इथे हा शब्द म्हणतात. कळा देणारी बाई दुसरीच, आणि सांत्वन नर्सचं. पण कामाबाहेर मी पाहुणीच होते. कुठल्याही घरात गेलं की एकुलती एक खुर्ची मला, बाकी सगळे जमिनीवर. मी बोलले की मुलं तोंडावर हात ठेवून हसत. बाजारात एक गुजराती दुकानदार होता, त्याच्या आजोबांच्या वेळेपासून इथे असलेला. मी पहिल्यांदा गेले तर बघून म्हणाला, "क्यांना छो बेन?" मी म्हटलं, डहाणू. "डहाणू! चिकूवाळुं डहाणू?" त्याने तो गाव कधी पाहिलाही नव्हता, पण त्याच्या तोंडून ते ऐकलं आणि मला तिथेच, तेलाच्या डब्यांच्या मध्ये, ढसाढसा रडू आलं. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात शिरला तो जाईना. देव बोलावतो म्हणून मी इथे आले, याला आपल्याकडे पाचारण म्हणतात. पण मी इथे राहतेय ती त्या हाकेमुळे, की डहाणूच्या अंगणात एवढ्या टाळ्या घेऊन परत कुठल्या तोंडाने जाऊ म्हणून? प्रार्थनेला बसले की मला ते दोन्ही वेगळे करता येत नसत.

२०१६च्या मे महिन्यात मी सुट्टीवर आले तेव्हा हाच प्रश्न घेऊन आले होते. तू ओट्याशी उभी राहून ताडगोळे सोलत होतीस आणि सोललेले मला देत होतीस, मी लहान असताना द्यायचीस तसे. पप्पा ड्यूटीवर होते. मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिले, आणि मग म्हटलं, "मम्मी, मी परत यावं असं तुला वाटतं का?" तू हातातला ताडगोळा पूर्ण सोललास, भांड्यात टाकलास, मग माझ्याकडे वळलीस. "मला काय वाटतं ते विचारून तू ठरवणार? मग ते माझं पाचारण झालं, तुझं कुठलं?" "लहान आहेस का तू आता?" तुझा आवाज चढला होता. "तिकडे लोकांची बाळंतपणं करतेस आणि इकडे येऊन आईला विचारतेस, मी कुठे राहू?" मग ड्रेसचा विषय मीच काढला. म्हटलं, तुला वाटत नसेल तर तो ड्रेस कशाला भरला होतास?

तेव्हा तू मला तुझ्या मैत्रिणीची गोष्ट सांगितलीस. तोपर्यंत मी ती कधी ऐकली नव्हती. शाळेत तुझ्या बाकावर बसणारी. ती कॉन्व्हेंटात गेली तेव्हा गावाने वाजतगाजत पाठवली, आणि काही वर्षांनी तिला कळलं की आपली ही वाट नाही. पण निघणार कशी? तिच्याकडे झग्याशिवाय अंगावर घालायला काही नव्हतं. कपडे मागायचे तर कारण सांगायला लागणार, आणि कारण सांगायचं तर तिच्या तोंडून शब्द फुटेना. त्या लाजेत ती आणखी कितीतरी काळ तिथेच राहिली, आजारी पडली, आणि शेवटी निघाली ती कुणाचा तरी मोठा गाऊन घालून, ओढणी पिनांनी टाचून. भर दुपारी एसटीतून उतरली तेव्हा स्टँडवरची माणसं बघत राहिली. तू नुकतंच शिवण शिकत होतीस. तिच्या घरी गेलीस, तिला हात न लावता, टेप न काढता नुसत्या डोळ्यांनी माप घेतलंस, आणि ड्रेस शिवून नेऊन दिलास. "डोळ्यांनी माप घ्यायला मी तेव्हा शिकले," तू म्हणालीस. तुझ्या त्या कसबाचं डहाणूच्या बायकांना केवढं कौतुक होतं. वाडीवाल्यांच्या बायका म्हणायच्या, "आ बेननी तो आंखमां टेप छे." मला ती नुसती हुशारी वाटत आली होती.

"तुला राहायचंय तर राहा," तू म्हणालीस. "मरेपर्यंत राहा, मला आनंदच आहे. पण जायला कपडे नाहीत म्हणून राहू नको. ते राहणं देवालापण नको असेल." आणि वर, "खा, गरम होतील ते." मी ताडगोळे खाल्ले. माझा राग उतरला होता, पण मला तुझं म्हणणं पटलं होतं असं नाही. मला आपलं वाटलं, एक ड्रेस काय ठरवणार.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात तू गेलीस. दुपारी जेवून पडलीस ती उठलीच नाहीस. इथला मोठा पाऊस नुकताच संपला होता, पण वाहून गेलेले रस्ते अजून तसेच होते; मला शहरापर्यंतही पोचता आलं नाही, विमान तर लांबच. पप्पांनी दफनभूमीतून फोन लावला आणि धरून ठेवला. मी पावसाचा आवाज ऐकला, फादरांची प्रार्थना तुटक तुटक ऐकली, मग माती पडल्याचा आवाज. त्या संध्याकाळी एक बाई बाळंत झाली. मी हात धुतले आणि कामाला लागले. "पोले" म्हणणाऱ्या बायकांना त्या दिवशी काय झालंय ते माहीत होतं. एकीने येऊन मला खुर्चीवरून उठवलं, खाली चटईवर स्वतःच्या शेजारी बसवलं आणि माझा हात धरून ठेवला. पहिल्यांदा त्या घोळक्यात मी जमिनीवर बसले. तुझ्यासाठी मी तिथे पोटभर रडले मम्मी, आणि रडताना मला एकटं वाटलं नाही.

पण त्याने प्रश्न सुटला नाही, उलट वाढला. कायमची व्रतं घ्यायची वेळ जवळ आली होती. आता घरी तू नव्हतीस. मग मी राहणार ते हाकेमुळे, की परत जाऊन भेटायचं तरी कुणाला म्हणून? आमच्या मोठ्या सिस्टरांना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "घरी जा. महिनाभर राहा. घ्यायची की नाही ते तिथे ठरव, आम्हाला कुठलंही उत्तर चालेल." म्हणून २०१९च्या सुरुवातीला, थंडीत, मी डहाणूला आले. येताना तो निळा ड्रेस बरोबर आणला. का, ते मलाही नीट सांगता आलं नसतं.

पप्पा रिटायर झालेत, हे तुला माहीत नाही. सकाळी अजून गाडीच्या वेळेला उठतात आणि स्वतःचा चहा स्वतः करतात, साखर जास्त घालून, कारण बघायला तू नाहीस. दोन दिवस झाले आणि ते म्हणाले, "तुझं एक सामान आहे आतल्या खोलीत." कपाटावरून चिकूचा एक रिकामा खोका काढला. आत जुन्या चादरीत गुंडाळलेला दुसरा ड्रेस होता. मोरपंखी रंगाचा, बाह्यांना तसंच पायपिंग. "तू मागच्या वेळेला आली होतीस ना, त्याच्यानंतर शिवला," पप्पा म्हणाले. "मी म्हटलं, पोरगी सिस्टर झाली, हिला ड्रेस कशाला? तर म्हणे, असू दे. पहिला घट्ट झाला असेल." मग त्यांनीच सगळं सांगितलं. माझे फोटो तू स्टेशनजवळच्या फोटोवाल्याकडून छापून आणायचीस, फोटोतल्या दाराची उंची पट्टीने मोजायचीस, त्यावरून माझी उंची, खांदे, कंबर असा हिशेब लावायचीस. मी समोर असते तर तुला नुसती नजर पुरली असती, फोटोतल्या माणसाला मात्र कशाचा तरी आधार लागत होता. "दार म्हणजे दार," तू पप्पांना म्हणायचीस, "ते काय सगळीकडे सारखंच असतं."

मी खोलीचं दार लावून घेतलं आणि तो ड्रेस घातला. मम्मी, त्यात माझ्यासारख्या दीड बाया मावल्या असत्या. खांदे दंडावर उतरलेले, कमीज पोटऱ्यांपर्यंत, सलवार तर पायाखालीच. आधी मला वाटलं, शेवटी तुझे डोळे गेले होते की काय. मग आरशात माझ्यामागे आपलं ते खोलीचं दार दिसलं, उंच, रेल्वेच्या जुन्या क्वार्टर्ससारखं बांधलेलं, आणि इथलं दार आठवलं. तू आपल्या दाराने मला मोजत होतीस आणि मी बकऱ्यांच्या दारात उभी होते! मी इतक्या मोठ्याने हसले की पप्पा काय झालं म्हणून आले. मी तशीच बाहेर गेले, बाह्या लोंबत. त्यांना दाराचं सांगितलं. तेही हसले, डोळे पुसत म्हणाले, "ती बोलली होती मला, सुट्टीवरून गेल्यापासून तिकडची हवा लागलीय, उंच झाली पोरगी. मी म्हटलं, या वयात?" आणि मग आम्ही दोघंही रडलो, तू गेल्यानंतर पहिल्यांदा एकत्र. मागची सगळी वर्षं तू शिवण करता करता मनात माझ्याभोवती टेप फिरवत होतीस आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

महिन्याचे शेवटचे दिवस मी तलासरी तालुक्यातल्या उधव्याजवळच्या मिशनमध्ये घालवायचे ठरवले. आमच्याच संघाच्या सिस्टर तिथे मुलींचं वसतिगृह चालवतात, सर्दी-तापाला नर्सची मदत त्यांना हवीच होती. दोन्ही ड्रेस पिशवीत टाकले. वाटलं, मोठ्यातून एखाद्या मुलीचे दोन फ्रॉक निघतील. तिथे एक तरुण सिस्टर होती, झारखंडची, पहिल्या व्रतांची. चांगली उंच आणि हाडापेराने मजबूत. वारली मुली तिच्या भोवती लोंबकळायच्या आणि तिच्या मराठीची नक्कल करायच्या. तीही त्यांच्याकडून शिकलेले शब्द उलटेपालटे करून त्यांना हसवायची. मला वाटलं, मी जशी टांझानियात तशी ही तलासरीत. एका सकाळी आम्ही दोघी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होतो. ती म्हणाली, "दीदी, तुम्हाला कधी जावंसं वाटलं?" मी म्हटलं, वाटलं ना, पुष्कळदा. "मला रोज वाटतं," ती म्हणाली. "पोरी आवडतात, काम आवडतं. पण मी प्रार्थनेला बसते ना, तेव्हा मला वाटतं मी दुसऱ्या कुणाच्या जागेवर बसलेय." मी विचारलं, मोठ्या सिस्टरांना सांगितलंस? ती ताटातल्या तांदळातून बोट फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "कैसे बोलूँ दीदी? बोललं तर जायला लागेल. आणि जाऊ काय घालून? मेरे पास तो एक भी कपड़ा नहीं है।"

तीच गोष्ट, मम्मी, जवळजवळ त्याच शब्दांत. राहा किंवा जा, असं मी तिला काहीच बोलले नाही, कारण तू मला शिकवलं होतंस की ठरवायचं ज्याचं त्याने. फक्त म्हटलं, "कपड्याची काळजी सोड. कपडे आहेत असं समज. आता सांग, राहायचंय की जायचंय?" चुलीवरचं आधण उकळायला लागलं तरी आम्ही तांदूळ घातला नाही. मग तिने मान वर केली आणि म्हणाली, "जायचंय." एवढं स्पष्ट की तिचं तिलाच नवल वाटलं. त्याच संध्याकाळी ती मोठ्या सिस्टरांशी बोलली. त्यांनी तिला जवळ घेतलं, घरी कळवलं, जे करायला लागतं ते सगळं केलं. कुणी एका शब्दाने तिला टोचलं नाही. लाज फक्त तिच्या मनात होती. पण मनातली लाजसुद्धा माणसाला वर्षानुवर्षं बांधून ठेवते, हे तुला माझ्या कितीतरी आधी कळलं होतं.

तो मोरपंखी ड्रेस तिला जणू तिच्यासाठीच शिवल्यासारखा बसला. खांदे खांद्यावर, बाही मनगटाच्या वर जिथे हवी तिथे, सलवार टाचेपर्यंत. मुलींच्या छोट्या आरशात ती मान खाली-वर करून स्वतःला तुकड्यातुकड्यांनी बघत होती. "किसने सिला?" तिने विचारलं. मी म्हटलं, माझ्या आईने. "पण त्यांनी मला कधी पाहिलंच नाही." मी म्हटलं, खरंय.

तिचा भाऊ सुरतेला कामाला होता, तो तिला पुढे घरी घेऊन जाणार होता. तिला गाडीत बसवायला मी उधव्याहून तलासरी आणि तिथून डहाणूपर्यंत बसने बरोबर गेले. बसमध्ये ती खिडकीशी बसून ओढणी सारखी नीट करत होती. झग्याला ओढणी नसते, सवय गेलेली. कुणीही तिच्याकडे वळून पाहिलं नाही. वळून बघितलं ते माझ्याकडे, झग्यातल्या सिस्टरकडे, आणि एका आजीने उठून मला जागा दिली. स्टेशनवर पप्पा आले होते, तिच्यासाठी पोळीभाजीचा डबा घेऊन. पुलाच्या पायऱ्या उतरणारी ती त्यांना आधी पाठमोरी दिसली, आणि ते जागच्या जागी थांबले. तुझ्या हातची शिवण त्यांना लांबून ओळखू येते. गाडी येईपर्यंत ते तिच्याशी हिंदीत इकडचं तिकडचं बोलत राहिले. माझ्याशी फक्त एकदा, हळू आवाजात बोलले. "बरोबर बसलाय," म्हणाले.

गाडी आली. तिने माझे हात धरले, मग पप्पांच्या पाया पडली आणि चढली. दारात उभी राहून हात हलवत होती. आता मी तुला खरं सांगते, मी त्या क्षणी स्वतःकडे फार बारकाईने बघत होते. माझ्या मापाचा निळा ड्रेस खांद्यावरच्या पिशवीत होता. गाडी समोर होती. पप्पा शेजारी होते, ते मला एका शब्दाने विचारणार नव्हते हेही मला माहीत होतं. टाळ्या वाजवणारी माणसं कधीच विसरून गेली होती. मला अडवणारं काहीच उरलं नव्हतं. मी स्वतःला विचारलं, हिचा हेवा वाटतोय का? हिच्यासारखं सुटावंसं वाटतंय का? मम्मी, मला तिच्याबद्दल नुसता आनंद वाटत होता. आणि त्या आनंदाच्या मागे एक साधी घाई होती, की उधव्याची बस चुकायला नको, वसतिगृहातल्या एका मुलीला औषधाचा डोस द्यायचाय. आणि इथे, या बुटक्या दाराच्या घरी परतायला अजून किती दिवस आहेत. मी याला परतणं म्हटलं, हे बसमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं. डहाणूच्या स्टेशनवर उभी राहून मी दुसरीकडच्या घराला घर म्हणत होते. बाकी काही आवाज आला नाही, उजेड पडला नाही. बस चारोटीच्या रस्त्याला लागली, आणि मी राहणार होते.

त्याच वर्षी मी कायमची व्रतं घेतली. त्यात आपलं असं काही ठेवायचं नसतं, सगळं सगळ्यांचं. मी बऱ्याच वस्तू देऊन टाकल्या. आता घरोघरी मला खुर्ची कुणी देत नाही, सरकून चटईवर जागा करतात. सुतार उद्या नवं दार बसवणार आहे, पूर्ण उंचीचं. बसलं की त्याच्याशी उभी राहून एक फोटो काढीन म्हणते. हिशेब बरोबर येईल आता.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट तुला कळू नये असं वाटतं. निळा ड्रेस मी कुणाला दिला नाही. तो बॅगेच्या तळाशी आहे, आणि हे मी इथे कुणालाही सांगितलेलं नाही. पावसाळा संपला की काढते, उन्हात घालते, पुन्हा घडी करून ठेवते. मागच्या वेळी अंगात घालून बघितला. आता तो मला होत नाही. इथल्या जेवणाने मी खरंच जाड झालेय. तू म्हणाली होतीस तशी आत माया भरपूर आहे, बाजूच्या दोन शिवणी उसवल्या तर आरामात बसेल. कात्रीसुद्धा घेतली होती हातात. पण ते टाके तुझे आहेत, मम्मी. मी उसवले नाहीत.